कावळ्याला बोलावू नका

या गावाचं नाव मी सांगणार नाही. नाव सांगितलं की लोक गाड्या काढतात. आयर्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, समुद्राला खेटून जाणाऱ्या रुळांवर कुठेतरी ते आहे, एवढं पुरे. एक स्टेशन, एक चर्च, दोन पब, तळलेले मासे आणि बटाटे विकणारं एक दुकान, आणि पाऊस असो नसो, रेनकोट घालून कुत्रे फिरवणारी माणसं. किनाऱ्यावर वाळू जवळजवळ नाहीच, गोटे आहेत. गोट्यांवर लोळता येत नाही, किल्ले बांधता येत नाहीत, त्यामुळे उन्हाचे चार दिवस सोडले तर बाहेरचं कुणी फिरकत नाही. पर्यटनवाले अशा गावाला 'शांत' म्हणतात. मी म्हणते, अजून कुणाच्या हाताला लागलेलं नाही.

'निसर्गरम्य' हा शब्दही मला चालत नाही. रम्य कुणाला? थंडीत आर्क्टिककडून काळसर रानहंस, म्हणजे ब्रेंट गीज, येतात आणि शाळेच्या फुटबॉलच्या मैदानावर चरतात, ते काही आपल्याला रमवायला येत नाहीत. गवत खायला येतात. धक्क्याच्या टोकाला सील पडलेले असतात, ओल्या पोत्यांसारखे, आणि आपण त्यांचे फोटो काढतो तेव्हा ते आपल्याकडे बघून नाक फेंदारतात. रुळांपलीकडे दलदल आहे, तिथे एक राखी बगळा उभा असतो. गेली तीन वर्षं मी त्याला बघते आहे, तो मासा पकडताना मला अजून दिसलेला नाही, पण तो जिवंत आहे म्हणजे पकडत असणार. उन्हाळ्यात गोट्यांमधून पिवळी पॉपी उगवते. माती नाही, सावली नाही, तोंडावर खारं पाणी, तरी उगवते. हे सगळं माझ्या येण्याआधीपासून चालू आहे आणि माझ्याशिवायही चालेल. अपवाद फक्त सुरयांचा.

सुरय म्हणजे टर्न, एक समुद्रपक्षी. त्यातला हा लहान सुरय, वजनाला कोंबडीच्या एका अंड्याएवढा. पिवळी चोच, चोचीच्या टोकाला काळा ठिपका, डोक्याला काळी टोपी आणि कपाळावर पांढरा डाग. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून वसंतात इथे येतो, गोट्यांमध्ये बोटभर खळगा करतो आणि त्यात अंडी घालतो. घरटं नाही, आडोसा नाही. अंडी गोट्यांच्याच रंगाची असतात, हा त्याचा एकमेव बंदोबस्त. अंड्यांवर चुकून पाय पडू शकतो, म्हणून दोरी बांधावी लागते. कोल्हा येतो, म्हणून विजेच्या तारेचं कुंपण. आणि कावळा येतो, त्याला दोरी आणि तार दोन्ही लागू नाहीत, म्हणून मी.

आठवडाभर मी लिक्सलिपला मायक्रोचिपच्या कारखान्यात असते. पांढरा सूट, डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, धुळीचा कण सापडला तर चौकशी. शनिवार-रविवार ट्रेन पकडून इथे येते, गोट्यांवर बसते आणि कावळे हाकलते. माझ्या मते दोन्ही नोकऱ्या सारख्याच आहेत. जे आत यायला नको ते येऊ द्यायचं नाही.

याचं शिक्षण पुण्यात झालं. कॉलेजात असताना एका टेकडीवरून रस्ता काढायचं घाटत होतं, तेव्हा मी पत्रकं लिहायला लागले. मथळा ठळक. वाक्य तोकडं. एका पत्रकात एकच आज्ञा. वाचणाऱ्याला विचार करायला वेळ द्यायचा नाही, तो विचार करायला लागला की घरी जातो. मी अजून तशीच लिहिते. इलाज नाही.

इथला मुख्य राखणदार रेल्वेतून निवृत्त झालेला एक आयरिश माणूस आहे. खुर्ची, दुर्बीण, चहाचा थर्मास आणि स्टँडवर लावलेला टेलिस्कोप, एवढा त्याचा संसार. तो सगळ्याला 'ग्रँड' म्हणतो. वादळ येतंय म्हटलं, ग्रँड. तुमच्या सँडविचमध्ये माशी गेली म्हटलं, ग्रँड. एकटा मॅगपाय, म्हणजे कावळ्याचा काळा-पांढरा भाऊबंद, दिसला की दोन बोटं कपाळाला लावून त्याला सलाम करतो, कारण एकटा मॅगपाय अपशकुनी आणि सलाम केला की दोष जातो. मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, तुम्ही हे मानता? म्हणाला, "छे. पण सलामाला काय पैसे पडतात?"

आदल्या हंगामात कावळ्यांच्या एका जोडीला अंड्यांचा शोध लागला होता. कावळा हुशार. एकाला जमलं की दुसरा बघून शिकतो. काही दिवसांत गोटे रिकामे झाले. सुरयांनी पुन्हा अंडी घातली, तीही गेली, आणि मग एका सकाळी आकाशात आवाज नव्हता. यंदा पुन्हा तसं झालं तर ते हा किनारा कायमचा सोडतील, असं राखणदार मला मे महिन्यात म्हणाला. त्यापुढे 'ग्रँड' म्हणाला नाही.

त्याच महिन्यात एका सकाळी मी पोचले तेव्हा तो हातात प्लॅस्टिकची पिशवी धरून उभा होता. पिशवीत काहीतरी पांढरं. दोरीच्या आत सापडलं म्हणाला. कुणीतरी विष घातलंय, गार्डांना, म्हणजे इथल्या पोलिसांना, बोलवावं का?

मी पिशवीत बघितलं. भाताचे गोळे, काळे तीळ, आणि वर दर्भाची एक काडी.

"विष नाही," मी म्हणाले. "माझी माणसं आहेत."

मग त्याला सगळं सांगावं लागलं. आमच्याकडे माणूस गेला की त्याच्या नावाने भात ठेवतात आणि कावळ्याची वाट बघतात. कावळा शिवला म्हणजे गेलेला माणूस तृप्त झाला. तो नीट ऐकत होता.

"आणि नाही आला तर?"

"थांबतात. गेलेल्याचं मन कशात अडकलंय ते ओळखायचा प्रयत्न करतात. आम्ही हे करू, ते करू, असं कबूल करतात."

"तरी नाही आला तर?"

"गवताचा कावळा करतात आणि तो शिववतात."

त्याने पिशवीला गाठ मारली. "मग गवताचाच आणायला सांग ना," तो म्हणाला. "गवताच्या कावळ्याला माझी काही हरकत नाही."

मी शोध घेतला. मूळ होतं डब्लिनच्या मराठी लोकांच्या व्हॉट्सॲप गटात. आदल्या पितृपक्षात ब्युमॉन्टकडच्या एका कुटुंबाने मागच्या अंगणात पान ठेवलं होतं आणि सीगलने पानासकट उचलून नेलं. सीगल शिवला तर चालतो का, यावर गटात दोन दिवस चर्चा झाली. मग त्यांनी फिरता फिरता या किनाऱ्यावर प्रयोग केला आणि गटात आवाजी निरोप टाकला: पान ठेवायचा अवकाश, कावळा हजर. एकदम शांत जागा. पार्किंग फुकट. तेव्हापासून ज्याच्याकडे तिथी असेल तो इकडे यायला लागला. पितृपक्षात सुरय आफ्रिकेच्या वाटेवर असतात, तेव्हा काही बिघडत नव्हतं. पण वर्षश्राद्धं सुरयांचं वेळापत्रक बघून येत नाहीत. आणि कावळा का हजर होतो, हे कुणीच विचारलं नव्हतं. तो हजर होतो कारण त्याला इथे अंडी मिळतात. भात संपला की तो उडून घरी जात नाही, शेजारी काय आहे ते बघतो.

मी पत्रक लिहिलं. मथळा: 'कावळ्याला बोलावू नका'. खाली चार तोकडी वाक्यं. तुमच्या पितरांसाठी दुसऱ्याची पिल्लं मारू नका, हे शेवटचं. गटात टाकलं. अर्ध्या तासात उत्तरं आली.

"आता श्राद्धही इकोफ्रेंडली का?"

"ताई, सीगलबद्दल तुमचं मत काय?"

"चिकन खाता का तुम्ही? मग?"

"लग्न झालंय का हिचं?"

"विषय चांगला आहे पण भाषा जरा सौम्य हवी होती." हे सद्गृहस्थ प्रत्येक पत्रकाला असतात. पुण्यातही होते.

आणि एक निरोप वेगळा, फक्त मला आलेला. मलिंगारच्या इस्पितळात काम करणारे एक डॉक्टर. पत्रक वाचलं, पटलं, असं त्यांनी लिहिलं होतं. आणि पुढे: "येत्या शनिवारी वडिलांचं वर्षश्राद्ध आहे. आई इथे आली आहे. आम्ही तिथेच यायचं म्हणतोय. किती वाजता आलो तर पक्ष्यांना कमी त्रास होईल?"

येऊ नका, या दोन शब्दांचं इतकं सभ्य उत्तर मला त्याआधी कुणी दिलं नव्हतं. मी लिहिलं, कधीच येऊ नका. त्यांनी नमस्काराचे हात पाठवले.

शनिवारी ते आले. वारा होता, आकाश स्वच्छ. डॉक्टर चाळिशीचे, धोतर नाही, जीन्स आणि वर रेनकोट. त्यांच्या मागे त्यांची आई गोट्यांवरून एकेक पाऊल टाकत येत होती. काकू अमरावतीकडच्या. सुती साडी, त्यावर मुलाचं जाड जॅकेट, पायात नवे कोरे बूट. हातात स्टीलचा डबा, तो त्यांनी मुलाला धरू दिला नव्हता. सून इस्पितळात ड्यूटीवर, असं डॉक्टरांनी मी न विचारता सांगितलं.

"मेसेज केला होता तो मीच," ते म्हणाले.

"माहीत आहे. नाही म्हटलं होतं तीही मीच."

"हो. साहजिक आहे."

काकूंचं लक्ष आमच्याकडे नव्हतं. कुंपणाच्या खांबावर एक कावळा बसला होता. इथला कावळा अंगाने राखाडी असतो. डोकं, पंख आणि शेपटी तेवढी काळी.

"हा कावया? यानं तं स्वेटर घातलं."

"इथला असाच असतो आई."

"बिनबाह्यांचं हाये," त्या म्हणाल्या. "चालते. थंडी हाये तं घालनच."

मी दोन्ही हात पसरून त्या कावळ्याच्या दिशेने चालत गेले. तो उडाला. कावळे हाकलणं हे एवढंच असतं. आरडाओरडा करायचा नाही, दगड मारायचा नाही, नुसतं त्याच्याकडे बघत चालत जायचं. परत आले तेव्हा काकू माझ्याकडे बघत होत्या.

"काहून हाकलून राहिली गं पोरी त्याले? आम्ही त्याच्यासाठीच आलो ना बाप्पा."

मी सांगितलं. अंडी, गेल्या वर्षीचं, यंदाचं. त्या म्हणाल्या, "मी दूर ठेवतो ना. थ्या दोरीच्या भाईर."

"काकू, कावळ्याला दोरी कळत नाही."

"मले कयते."

"दर्भाचा कावळा करता येतो," मी म्हणाले. "शास्त्रात आहे." हे मी खास वाचून ठेवलं होतं.

"केला होता नं. मागच्या साली." त्या एका वाहून आलेल्या ओंडक्यावर बसल्या आणि डबा मांडीवर घेतला. "दहाव्याले घाटावर दुपारपावतर बसलो. कबुतरं आले. कुत्रं आलं. कावया एक नाई. आमच्या तिकडं रायलेच नाई आता. मंग गुरुजीनं गवताचा केला, त्यानंच शिववला, अन् त्यानंच सांगितलं का झालं म्हनून. लोक उठून गेले. मले नाई वाटलं झालं."

डॉक्टर माझ्या बाजूला सरकले. "वर्षभर हेच म्हणतेय," ते हळू आवाजात म्हणाले. "जेवायला बसली की म्हणते, ते उपाशी आहेत."

मी त्यांना रुळांपलीकडचा बांध दाखवला. तिथे ठेवा, तो भाग दलदलीचा आहे, अंडी नाहीत. डॉक्टरांनी आईच्या गुडघ्यांकडे बोट केलं. स्टेशनचा पूल, त्याच्या पायऱ्या, नाहीतर फाटकापर्यंत लांबचा वळसा. एवढे गोटे तुडवत आली तेच खूप झालं.

त्यांना उठवायचा मला अधिकार नव्हता. दोरीच्या आतली जागा आमची, बाहेरचा किनारा सगळ्यांचा. 'ही जागा सगळ्यांची आहे' हे वाक्य पुण्यात मी इतक्या पत्रकांवर छापलं होतं की त्याच्याविरुद्ध आता तोंड उघडणं कठीण होतं. तेव्हा मी म्हटलं ठीक आहे. तुम्ही बोलवा. मी हाकलते.

"चालेल," डॉक्टर म्हणाले. त्यांचा स्वभावच असा असावा. इस्पितळात त्याचा उपयोग होत असेल.

त्यांनी दुकानातून आणलेलं गोठवलेलं केळीचं पान अंथरलं, चार कोपऱ्यांना चार गोटे ठेवले. काकूंनी डबा उघडून वाढलं. भात, वडे, खीर, आमसुलाची चटणी. वर तीळ. मग आम्ही तिघं उभे राहिलो, ते दोघं पानाच्या एका बाजूला आणि मी दुसऱ्या. राखणदार लांबून हे बघत होता आणि खुर्चीतून उठला नव्हता.

कावळा आला. माझ्या डोक्यावरून, मी ज्या बाजूने बघत नव्हते त्या बाजूने. आणि मी हलायच्या आत सुरय उठले. सगळा थवा एकदम, कर्कश ओरडत, पांढऱ्या चिंध्या उधळाव्यात तसा. कावळ्याच्या पाठीवर, डोक्यावर, एकामागून एक सूर मारत. त्याच्यापुढे ते काहीच नव्हते, पण कावळा खाली उतरू शकला नाही. वळून गेला. जाता जाता त्यातल्या एका सुरयाने डॉक्टरांच्या खांद्यावर शिटलं.

"शुभ असते," काकू म्हणाल्या.

"आई, ते कावळ्याचं नाही."

पुन्हा आला. पुन्हा सुरय उठले. मला काही करावंच लागत नव्हतं. तिसऱ्यांदा तसंच झाल्यावर डॉक्टर हात जोडून पानासमोर उभे राहिले आणि कबूल करायला लागले. मला वाटतं माझ्यासमोर त्यांना संकोच होत होता, पण वेळ जात होता.

"बाबा, आईला एकटं ठेवणार नाही."

आकाशात काही नाही.

"तुमची स्कूटर कुणाला देणार नाही. दादा विकायची म्हणत होता, मी सांगतो त्याला."

"स्कूटर त्याईनं स्वतःच विक म्हटलं होतं," काकू म्हणाल्या.

"बरं. मग, बाबा, मी परत येईन. पाच वर्षांत." ते थांबले. "सहा."

"खोटं नको बोलू रे मेलेल्या मानसाशी."

"मग तूच सांग ना आई त्यांना काय हवं होतं."

"त्याईनं कधी काही मागतलं का? चहा मागे."

चहा होता. डॉक्टरांच्या थर्मासमधून झाकणभर ओतून पानाशेजारी ठेवला. वाऱ्याने त्यावर बारीक लाटा आल्या. डॉक्टरांनी समोरच्या खडकाकडे बोट केलं. तिथे एक काळा पक्षी पंख वाळत घालून बसला होता.

"तो कोण?"

"पाणकावळा," मी म्हणाले.

त्यांनी आशेने आईकडे बघितलं.

"सोयरा असन," काकू म्हणाल्या. "घरचा नाई."

कावळा रुळांच्या तारेवर जाऊन बसला होता आणि सुरय खाली उतरत होते, एकेक जण बरोबर आपापल्या जागी. काकूंनी मला विचारलं, "हे एवढुसे पाखरं कायले जिवावर उदार होऊन राहिले?"

मी त्यांना टेलिस्कोपपाशी नेलं. राखणदाराने उठून त्यांच्या उंचीला तो खाली केला आणि आपली खुर्ची पुढे सरकवली. मी तो दोरीच्या आतल्या एका खळग्यावर रोखून दिला. पत्रकात हे करता येत नाही. काकूंनी एक डोळा मिटला, मग दुसरा, मग एकावर साडीचा पदर धरला, आणि त्यांना ते दिसलं.

"बसली हाये," त्या म्हणाल्या. "उठत नाई थे." थोड्या वेळाने, "थ्यो आला. मासा आनला त्यानं. तिच्या तोंडात देऊन राहिला." मग त्यांनी डोळा काचेवरून काढलाच नाही. डॉक्टर घड्याळाकडे बघत होते. दुपार कलली की श्राद्धाचा काळ संपतो, हे मलाही माहीत होतं.

काकू उठल्या. पानाकडे गेल्या, चारही कोपऱ्यांचे गोटे बाजूला केले आणि पान दोन्ही हातांनी उचललं.

"आई, काय करतेस?"

"अठी बायंतिनी हायेत." त्या साध्या आवाजात म्हणाल्या. "बायंतिनीच्या दारात पिंड ठेवतेत का रे? तुह्या बापाले तरी चाललं असतं का?"

"पण गुडघे..."

"गुडघे माहे हायेत."

मी जे पत्रकातून सांगून दमले होते ते एका ओळीत झालं, आणि त्या ओळीत निसर्ग नव्हता, हक्क नव्हता, काहीच नव्हतं. बाळंतिणीच्या दारात अशुभ नेत नाहीत, बस. मला ते पटलं नाही. आजही पटत नाही. पण पान उचललं गेलं होतं.

राखणदाराला मी थोडक्यात सांगितलं. त्याने खुर्ची मिटून काखेत मारली आणि काकूंच्या बाजूने चालायला लागला. फाटकाचा लांबचा रस्ता. पुढे डॉक्टर पान घेऊन, हात सरळ धरून, चहाचं झाकण पानावर तोलत. मागे ते दोघं. काकू वऱ्हाडीत बोलत होत्या, तो इंग्रजीत, आणि दोघांचंही ठीक चाललं होतं. वाटेत एक एकटा मॅगपाय दिसला असावा, कारण त्याने सलाम केला. काकूंनी त्याच्याकडे बघितलं आणि त्यांनीही केला.

मी जागेवर राहिले. कुणीतरी राहणं भाग होतं. रुळांपलीकडे ते पोचले की नाही हे बांधामुळे मला नीट दिसत नव्हतं, डॉक्टरांच्या रेनकोटची टोपी तेवढी दिसत होती. तेवढ्यात तारेवरचा तो कावळा उठला आणि सरळ दोरीच्या आत, उत्तरेच्या टोकाला उतरला, जिथे त्या आठवड्यातली नवी अंडी होती. सुरय उठायच्या आत त्याची चार पावलं टाकून झाली होती. मी हात पसरून चालत गेले. तो थोडा उडाला, पुन्हा उतरला. मी पुन्हा गेले. गोट्यांवर पळता येत नाही आणि पळायचं नसतंच. तो बघतो, मी बघते. तिसऱ्यांदा तो कंटाळला. माझ्या डोक्यावरून वर गेला, रूळ ओलांडले आणि बांधामागे खाली उतरला. मी अंडी बघितली. शाबूत होती.

ते परत आले तेव्हा मी पुन्हा गोट्यांवर बसले होते. काकू माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांना दम लागला होता.

"शिवला का?" मी विचारलं.

"शिवला." त्यांनी डबा उघडला. "तू अठून हाकलला थोच आला. मी पाह्यलं नं. तुह्या डोक्यावरून उडाला अन् सरका आमच्या पानावर. पयले खीर खाल्ली."

"मी त्याला सुरयांसाठी हाकललं, काकू."

"कोनासाठी का असंना." त्यांनी डब्याच्या झाकणात भात आणि दोन वडे वाढले. "जेव. सकायपासून उभी हायेस."

राखणदार म्हणाला की कावळ्याने सगळं खाल्लं, चहासुद्धा चाखला. ग्रँड. डॉक्टर लांब उभे राहून फोनवर कुणाला तरी सांगत होते, बहुतेक भावाला. त्यांचा आवाज चढला होता आणि खांद्यावरचा पांढरा डाग तसाच होता. मी जेवले. वडे गार होते, चांगले होते.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी गटात लिहिलं: तिथे दोरीजवळ बाळंतिणी आहेत, पान फाटकापलीकडे बांधावर ठेवावं, कावळा तिथेही येतो. हे पुढे पाठवलं गेलं. कुणी सौम्य भाषा मागितली नाही, कुणी चिकनचं काढलं नाही. सुरयांमध्ये नरही अंड्यांवर बसतो, तेव्हा बाळंतीण हा शब्द चुकीचा आहे, असं मी खाली लिहिलं. त्याला कुणी उत्तर दिलं नाही.

त्या हंगामात काही अंडी मोठ्या भरतीने नेली. कावळ्यांनी काहीच नेलं नाही असं मी म्हणणार नाही, मी शनिवार-रविवारचीच राखणदार आहे. पण जुलैत पिल्लं उडाली. पहिल्यांदा उडणारं पिल्लू फार वाईट उडतं, उतरताना तोंडावर पडतं. राखणदाराने त्यातलं एक पडताना बघितलं आणि टेलिस्कोप माझ्याकडे वळवला.

त्याच महिन्यातल्या एका रविवारी फाटकापलीकडे एक गाडी थांबली. बांधावर तीन माणसं, त्यांच्या हातात काहीतरी हिरवं. मी त्यांना ओळखत नव्हते. कुंपणाच्या खांबावर कावळा बसला होता. मी उठले, हात पसरले आणि त्याच्याकडे बघत चालायला लागले. तो उडाला आणि रुळांपलीकडे गेला. थोड्या वेळाने बांधावरून कुणीतरी मला हात केला. माझ्या हातात दुर्बीण होती, उलट हात करायचा राहिला. मी दुसऱ्या कावळ्याकडे बघत होते.